जमावाने केलेला खून आणि शिक्षेचा हिशोब: खैरलांजी ते कलम १०३(२)

वैनगंगाकाठ

नवी न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तेव्हा आमच्या भंडाऱ्याच्या ग्रुपवर ‘आता मॉब लिंचिंगला डायरेक्ट फाशी’ असा मेसेज आला होता. कुठे जमावाने माणूस मारल्याची बातमी आली की तोच मेसेज अजूनही परत फिरतो, कलम १०३(२) च्या हवाल्यासकट. पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात वा समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशाच एखाद्या कारणावरून खून केला, तर त्यातल्या प्रत्येकाला मृत्युदंड किंवा जन्मठेप, वर दंड. वाचायला जबरदस्त वाटतं.

पण आमच्या जिल्ह्याने हे सगळं जुन्या कायद्यात, म्हणजे दंड संहितेत, पाहिलंय. खैरलांजी, तालुका मोहाडी, २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातले चौघे, म्हणजे आई, मुलगी आणि दोन मुलगे, गावातल्याच लोकांनी मारले. वडील भैयालाल तेवढे वाचले. तपास सीबीआयकडे गेला, उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते, ११ जणांवर खटला चालला. १५ सप्टेंबर २००८ ला भंडाऱ्याच्या विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, तिघांना सोडलं. २४ तारखेला शिक्षा सुनावली: सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सहाही फाशी रद्द केल्या आणि आठही जणांना २५ वर्षांची सक्तमजुरी दिली.

गुन्हा तोच, पुरावा तोच. खालच्या कोर्टाने आठ जणांत दोन पायऱ्या केल्या, वरच्या कोर्टाने सगळ्यांना एका पायरीवर आणलं. हे कशावरून ठरतं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. शिक्षेच्या दिवशी जो युक्तिवाद होतो त्याला पेपरात मथळा मिळतो, पण जमावाच्या खुनात शिक्षा बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते. कोणतं कलम टिकलं आणि कोण ओळखला गेला, या दोन जागी. वकील मंडळी आणि पोलीस खात्यातले कुणी असतील तर लिहा. राजकारण नको, निदान पहिल्या दहा प्रतिसादांत तरी.

ठोंब्या

यात ठरवायचं काय? जेवढे होते तेवढ्यांना लटकवा. दोन गावांत असं झालं की तिसऱ्या गावात काठी उचलायची कुणाची टाप नाही.

काळा कोट

ठोंब्याभाऊ, ‘जेवढे होते तेवढे’ एवढंच सिद्ध करता करता खटल्याची वर्षं निघून जातात.

दोषी ठरवणं वेगळं आणि शिक्षा ठरवणं वेगळं. दोषी ठरवताना कायदा जमावाला एकत्र मोजतो. जुनं कलम १४९, आता १९०. पाच किंवा अधिक लोकांचा बेकायदेशीर जमाव असेल आणि त्या जमावाचं समान उद्दिष्ट साधताना त्यातल्या एकाने खून केला, तर त्या वेळी जमावात सामील असलेला प्रत्येक जण खुनाचा दोषी. तुमचा घाव बसला की नाही हा प्रश्नच येत नाही. नुसता बघ्या मात्र यात येत नाही. १९६४ च्या मसलती खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलं, पण त्याच निकालात सावधगिरीही सांगितली. आरोपी ढीगभर, गावातली भांडणं जुनी, अशा वेळी एखाद्याच साक्षीदाराने नाव घेतलं म्हणून कुणाला दोषी धरू नये. त्या खटल्यात हायकोर्टाने किमान चार साक्षीदारांची कसोटी लावली होती. सुप्रीम कोर्टाला ती जराशी यांत्रिक वाटली, पण चालवून घेतली.

आजही अशी केस हातात आली की आम्ही पहिला कागद हाच करतो. डाव्या बाजूला आरोपी क्रमांक, वर साक्षीदार क्रमांक, आणि ज्याने ज्याचं नाव घेतलं त्या चौकोनात टिक. पोलीस जबाबात नाव आहे पण कोर्टातल्या साक्षीत नाही, तिथे गोल. ज्या आरोपीच्या ओळीत एकच टिक दिसते तो बहुतेक सुटतो. सरकारी वकीलही घरी हाच तक्ता करत असतात.

आता शिक्षा. इथे तोच जमाव पुन्हा सुटा करावा लागतो. १९८० च्या बचनसिंग निकालापासून फाशी द्यायची तर गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही बघावा लागतो: वय, पूर्वेतिहास, सुधारण्याची शक्यता. तेही प्रत्येकाचं स्वतंत्र. गोची इथेच होते. १४९ खाली माणूस दोषी ठरला म्हणजे त्याने नेमकं काय केलं हे कोर्टाला ठाऊक असतंच असं नाही. समजा अंगावर वीस जखमा, जप्त काठ्या पाच, आरोपी अकरा. कवटी कुणाच्या काठीने फुटली? दोषी ठरवताना या प्रश्नाची गरज पडली नव्हती. शिक्षेच्या वेळी हाच प्रश्न समोर येतो, आणि तोवर पुरावा नोंदवून झालेला असतो.

मृण्मयी_के

म्हणजे एकट्याने खून केला तर फासाची शक्यता जास्त आणि शंभर जणांत मिसळून केला तर कमी? हा तर उफराटा न्याय झाला. गर्दी हा बचाव कसा काय होऊ शकतो?

काळा कोट

ताई, उघडपणे तसं कुणी म्हणत नाही. पण निकाल वाचले की तसं दिसतं खरं.

१९८४ च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हत्याकांडातला किशोरी खटला बघा. त्रिलोकपुरीत शेजारपाजारच्या लोकांना मारणारा जमाव, त्यातला एक ओळखलेला माणूस. खाली फाशी झाली होती. सुप्रीम कोर्टाने ती जन्मठेपेवर आणली. तर्क साधारण असा: इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेला जमाव, त्यात ना संघटना ना आखणी. असा बिनचेहऱ्याचा जमाव जे करतो त्याकडे पद्धतशीर वंशसंहार म्हणून बघता येणार नाही. पुढे मनोहरलाल ऊर्फ मन्नू खटल्यातही जवळपास हेच झालं. तिथे चार भाऊ मारले गेले होते.

या तर्काबद्दल मला स्वतःला शंका आहे. १९८४ मध्ये मतदारयाद्या घेऊन घरं शोधली गेली हे आयोगांसमोर पुन्हा पुन्हा आलंय, त्याला ‘आखणी नाही’ कसं म्हणायचं? पण समोरच्या आरोपीपुरतं कोर्टाकडे जेवढं रेकॉर्डवर असतं तेवढंच असतं. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने काँग्रेस नेता सज्जनकुमारला उर्वरित आयुष्यभराची जन्मठेप दिली, ती चिथावणी आणि कटाची बाजू पुराव्यात आल्यावर. मधे ३४ वर्षं गेली.

चिकित्सक

मृण्मयी, तुझ्या प्रश्नाला एक पुरवणी. गर्दीने शिक्षा कमी होते असं सरसकट नाही. १९९२ चं बिहारमधलं बारा हत्याकांड घे. भूमिहार या सवर्ण समाजातल्या ३० च्या वर माणसांना गावाबाहेर नेऊन मारलं. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालला. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा मताने फाशी कायम केली. न्या. एम. बी. शाह विरोधात होते, त्यांना व्यक्तिगत भूमिकेचा पुरावा तोकडा वाटला होता. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रपती प्रणब मुखर्जींनी चौघांची फाशी जन्मठेपेवर आणली.

आणि त्याच बिहारचं लक्ष्मणपूर बाथे, १९९७. दलित वस्तीतली ५८ माणसं मारली. २०१० मध्ये खालच्या कोर्टाने १६ जणांना फाशी दिली, २०१३ मध्ये पाटणा हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. ओळख पटली नाही म्हणून. हे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाच. जास्त बोलत नाही, धागामालकांनी राजकारण नको म्हटलंय.

बडोदेकर

आम्ही इथे २००२ ची गुजरात दंगल जवळून पाहिली. बेस्ट बेकरीचा फेरखटला सुप्रीम कोर्टाने मुंबईला हलवला, तो तरी मराठी पेपरांत रोज येत होता. शिक्षेच्या दृष्टीने त्याहून बघण्यासारखा निकाल अहमदाबादच्या नरोडा पाटियाचा. ९७ माणसं मेली. ऑगस्ट २०१२ मध्ये न्या. ज्योत्स्ना याज्ञिक यांनी ३२ जणांना दोषी धरलं, पण एकालाही फाशी दिली नाही. फाशीने मानवी प्रतिष्ठेला बाधा येते असं निकालात स्पष्ट लिहिलं. मग त्यांनी शिक्षेची शिडीच लावली. एकाला मरेपर्यंत तुरुंगवास. माजी मंत्री माया कोडनानींना २८ वर्षं. सात जणांना आधी १० वर्षं आणि ती संपल्यावर पुढची २१. बाकी बावीस जणांना १० अधिक १४. एक फरारी. जमावातल्या जमावात कोण पुढे होता, कोण चिथावत होता, कोण मागे, हे शिक्षेत उतरवायचा एवढा उघड प्रयत्न मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

पुढे २०१८ मध्ये हायकोर्टाने कोडनानींना निर्दोष सोडलं आणि मरेपर्यंतची शिक्षा २१ वर्षांवर आणली. शिडीच्या या दोन्ही पायऱ्या गेल्या.

आणि आदल्याच दिवशीचं गोध्रा. ५९ माणसं रेल्वेच्या डब्यात जळाली. २०११ मध्ये विशेष न्यायालयाने कट मानला, म्हणून ११ जणांना फाशी आणि २० जणांना जन्मठेप. २०१७ मध्ये हायकोर्टाने त्या ११ जणांचीही जन्मठेप केली.

मृण्मयी_के

थोडक्यात, ‘ठरवून केलं’ हे मान्य झालं तर फास, ‘भडकून केलं’ म्हटलं की जन्मठेप. आणि वर गेलं की दोन्हीकडे बहुतेक जन्मठेपच.

ठोंब्या

मग खालच्या कोर्टाने फाशी कशाला द्यायची? टीव्हीवाल्यांसाठी?

काळा कोट

हसू आलं, पण प्रश्न रास्त आहे. सत्र न्यायालयाची फाशी हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलातच येत नाही, आरोपीने अपील करो वा न करो. त्यामुळे खालच्या न्यायाधीशाला मनात ठाऊक असतं की वर तपासलं जाणार आहे. शिवाय जिल्ह्याच्या गावी कोर्टाबाहेर मोर्चा उभा असतो. कुणी कबूल करणार नाही, पण न्यायाधीशही त्याच रस्त्याने घरी जातात.

शिक्षेची सुनावणी कशी होते तेही सांगतो. दोषी ठरवल्यावर न्यायाधीश एकेकाला विचारतात, ‘शिक्षेबाबत तुमचं काय म्हणणं आहे?’ आरोपी पिंजऱ्यात उभे. पहिला म्हणतो, घरी म्हातारे आईबाप आहेत. दुसरा, लहान मुलं आहेत, कमावता मी एकटाच. तिसऱ्याला काय बोलावं ते सुचत नाही, तो म्हणतो ‘वरच्यासारखंच’. स्टेनो एकेका ओळीत लिहून घेतो. एवढ्यावर माणूस सुधारेल की नाही हे ठरवायचं! मे २०२२ मध्ये मनोज खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाशीचा विचार असेल तर आरोपीची मानसिक तपासणी, तुरुंगातली वागणूक, घरची पार्श्वभूमी यांचे अहवाल मागवा. पण हे फाशीच्या खटल्यांपुरतं.

निवृत्त फौजदार

धागा वाचतोय. वकीलसाहेबांचा तक्ता बरोबर आहे, पण त्या तक्त्यात टिक का पडत नाही ते आम्हाला विचारा.

जमावाची घटना घडली की पहिली गाडी पोचते तेव्हा रस्त्यावर काठ्या, चपला आणि माणूस पडलेला असतो. बाकी गाव सामसूम. दारं बंद. एफआयआर बहुतेक वेळा शिपाईच देतो आणि त्यात लिहिलेलं असतं ‘शंभर ते दीडशे अनोळखी इसम’. ही एक ओळ पुढे दहा वर्षं छळते. दुसऱ्या दिवसापासून धरपकड सुरू होते, वरून आकड्यासाठी फोन येतात, मग जो घरी सापडला त्याला उचला. खरे दोन-चार आणि भरतीचे चाळीस. कोर्टात भरतीचे चाळीस सुटतात आणि त्यांच्याबरोबर खऱ्यांपैकी निम्मेही सुटतात, कारण साक्षीदार दोघांनाही तेवढ्याच खात्रीने ओळखत असतो.

ओळखपरेड उशिरा झाली की ती गेली. उलटतपासणीत पहिला प्रश्न: अंतर किती, उजेड कशाचा? डीपीवरचा बल्ब चालू होता का? पंचनाम्यात बल्बाची नोंद नसेल तर साक्षीदार गप्प. मोबाईलचा व्हिडिओ हल्ली असतोच, पण मूळ फोन जप्त नाही, प्रमाणपत्र जोडलेलं नाही, असं झालं की तो नुसता बघायचा, पुरावा म्हणून उभा राहत नाही. आणि साक्षीदार फितूर होणं तर ठरलेलंच. त्यालाही त्याच गावात राहायचंय, त्याच पिठाच्या गिरणीत जायचंय.

नागपूरची पोरगी

फौजदारकाका, ‘ओळख पटली नाही’चं आमच्याकडचं उदाहरण सांगते. १३ ऑगस्ट २००४, अक्कू यादव. जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत, भर दुपारी, कस्तुरबा नगरच्या बायांनी त्याला मारलं. तो गुंड होता, वस्तीतल्या बायांवर त्याने काय काय केलं हे सगळ्या नागपूरला माहीत होतं. आख्खं शहर बायांच्या बाजूने. २०१४ मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले.

आता मला प्रामाणिकपणे सांगा, या धाग्यावर ‘सगळ्यांना लटकवा’ म्हणणारे तिथे काय म्हणतील? मी तर त्या बाया सुटल्या तेव्हा खूश झाले होते आणि आजही आहे.

ठोंब्या

ती केस वेगळी.

मृण्मयी_के

प्रत्येक जमावाला आपली केस वेगळीच वाटत असते हो. गोमांसाच्या संशयावरून माणूस मारला त्या दादरीच्या गावातही लोक हेच म्हणत होते.

चिकित्सक

मुद्दा कारणाचा निघालाच आहे तर हडपसर. जून २०१४, नमाज पढून परतणाऱ्या तरुण इंजिनिअरला जमावाने मारलं. जानेवारी २०१७ मध्ये हायकोर्टाने काही आरोपींना जामीन देताना जे लिहिलं त्याचा आशय असा होता: मृताशी आरोपींचं वैर नव्हतं, त्याचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, ही बाब आरोपींच्या बाजूने जाते, कारण धर्माच्या नावाखाली ते भडकले होते. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१८ मध्ये तो आदेश रद्द केला. धर्म हे सूट द्यायचं कारण होऊ शकत नाही म्हणून खडसावलं. पण जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले, तेव्हा शिक्षेपर्यंत गोष्ट गेलीच नाही.

ओडिशातला स्टेन्स खटलाही याच वळणाचा. १९९९, बाप आणि दोन लहान मुलं गाडीत जाळली. दारासिंगची फाशी हायकोर्टात जन्मठेप झाली, जन्मठेप झालेल्या बारापैकी अकरा सुटले. जानेवारी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम ठेवताना ‘धडा शिकवण्याच्या हेतूने’ अशा अर्थाचं वाक्य निकालात घातलं. ओरड झाल्यावर चार दिवसांत ते स्वतःहून काढून टाकलं. शिक्षा तीच राहिली.

वैनगंगाकाठ

चिकित्सक, यावरून परत खैरलांजीकडे येतो, कारण माझा राग तिथेच अडकलेला आहे. खालच्या कोर्टाने फाशी दिली पण ॲट्रॉसिटी लागू झाली नाही. विनयभंगाचं कलम नाही, कट नाही. हायकोर्टानेही तेच धरलं: आधीच्या मारहाणीच्या केसमध्ये साक्ष दिली म्हणून सूड. झालं. म्हणजे कुटुंब दलित होतं, मारणारे नव्हते, जमिनीच्या वाटेचा वाद वर्षानुवर्षं होता, आणि तरी जात रेकॉर्डबाहेर. एकदा का ‘सूड’ असं नाव पडलं की गुन्हा गावातल्या भांडणाच्या खात्यात जातो, आणि ते खातं फाशीपासून लांब असतं. मी फाशीच्या बाजूचा नाही. पण शिक्षा कमी करायला जे कारण दिलं त्याने घटनेचं नावच बदललं, ते मला पटलेलं नाही.

काळा कोट

वैनगंगाकाठ, तुमचा राग समजतो. कायद्याची त्या वेळची अडचण सांगतो. ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(२)(५) तेव्हा असं होतं की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे ‘या कारणावरून’ गुन्हा झाला हे सिद्ध करावं लागे. दुसरं एखादं कारण दिसलं की बचाव पक्ष ते पुढे करायचा आणि जात बाजूला पडायची, जणू माणूस एका वेळी एकाच कारणाने मारतो. पुढच्या दुरुस्तीने, जी जानेवारी २०१६ पासून लागू झाली, पीडिताची जात आरोपीला माहीत होती एवढं पुरेसं झालं. खैरलांजीसारख्या गावात कुणाची जात कुणाला माहीत नसते? आज तोच खटला उभा राहिला तर या मुद्द्यावर इतकी कसरत लागणार नाही.

पण लक्षात घ्या, नव्या १०३(२) ने तीच जुनी अडचण परत आणली आहे. तिथेही ‘कारणावरून’ आहे.

लेखणीबहाद्दर

वकीलसाहेब, १०३(२) वर जरा सविस्तर येऊ द्या. मी मंगळवेढ्याचा. राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला जी पाच माणसं मारली ती आमच्या भागातली, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागायला साक्री तालुक्यात गेलेली. मुलं पळवणारी टोळी आली अशी व्हॉट्सॲपवर अफवा. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. २०२० ला पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि ड्रायव्हर, तिथेही अफवाच. असं पुन्हा घडलं तर हे कलम लागेल का?

काळा कोट

दोन्ही घटना १ जुलै २०२४ च्या आधीच्या, त्यामुळे त्यांना नवं कलम लागूच होत नाही. गुन्ह्याच्या दिवशीचा कायदा लागतो.

उद्या तसं घडलं तर? ‘पोरं पळवणारे आलेत’ ही अफवा वंश, जात, भाषा, जन्मस्थान यांतल्या कुठे बसवायची? सरकारी वकील म्हणेल, परकी बोली आणि परका वेश बघून संशय घेतला, म्हणजे भाषा किंवा समाज आलाच. बचाव पक्ष म्हणेल, आरोपींना पोरांची काळजी होती, यांची जात विचारलीसुद्धा नव्हती. यादीत धर्म शब्दाने नाही हेही बघून ठेवा. ‘अशाच एखाद्या कारणावरून’ या शेपटात काय काय बसतं यावर पुढची काही वर्षं आम्हा लोकांची पोटं भरतील.

आणि मोठी गंमत ही की १०३(१), म्हणजे साधा खून, त्यालाही मृत्युदंड किंवा जन्मठेपच आहे. शिक्षेत काडीचा फरक नाही. प्रत्येक जण जबाबदार हे १४९ आधीच सांगत होतं. उलट १०३(२) मध्ये सरकार पक्षाला एक गोष्ट जास्त सिद्ध करायची आहे. ऑगस्ट २०२३ ला विधेयक आलं तेव्हा त्यात किमान सात वर्षं अशीही एक पायरी होती, म्हणजे खुनाला जन्मठेपेपेक्षा कमी! टीका झाली, डिसेंबरच्या मसुद्यात ती गेली, हे बरं झालं.

चिकित्सक

पण सात वर्षं व्यवहारात आहेतच की. जुलै २०१८ मध्ये तहसीन पूनावाला निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं: जलदगती न्यायालयं, दखल घेतल्यापासून शक्यतो सहा महिन्यांत निकाल, आणि जमावाच्या हत्येत सर्वसाधारणपणे त्या कलमाखालची कमाल शिक्षा द्या. निकाल १७ तारखेचा. २० आणि २१ तारखेच्या मधल्या रात्री अलवरला गोतस्करीच्या संशयावरून रकबर मारला गेला. मे २०२३ मध्ये चौघे दोषी ठरले, पण खुनासाठी नाही, सदोष मनुष्यवधासाठी, कलम ३०४ भाग एक. सात वर्षं. त्या भागाखाली जन्मठेपही देता येते. केरळच्या अट्टप्पाडीत आदिवासी तरुण मधूला तांदूळ चोरल्याच्या संशयावरून मारलं, एप्रिल २०२३ मध्ये १३ जणांना ३०४ भाग दोन खाली सात वर्षं, जिथे कमाल दहा आहे. झारखंडला चोरीच्या संशयावरून मारलेल्या तबरेझच्या प्रकरणात ३०४ भाग एक, दहा वर्षं.

एकाच वर्षातले तीन निकाल, तिन्ही ठिकाणी ३०२, म्हणजे खुनाचं जुनं कलम, टिकलं नाही. कमाल शिक्षेचा आदेश आहे, पण कमाल कशाची, ते कलम ठरवतं.

काळा कोट

मी वर एवढं लिहिलं त्यापेक्षा हा प्रतिसाद महत्त्वाचा आहे.

जमावाच्या मारात ३०४ कसं शिरतं ते पाहा. खून म्हणायचं तर ठार मारण्याचा हेतू, किंवा हटकून जीव जाईल अशी इजा करण्याचा हेतू दाखवावा लागतो. लाठ्याकाठ्या, लाथाबुक्क्या, दोरीने बांधून तासन्‌तास मारणं. एकेकाची इजा साधी, सगळ्या मिळून जीवघेण्या. बचाव म्हणतो, आम्ही धडा शिकवत होतो, मारायचं नव्हतं. त्यात माणूस जागच्या जागी मेला नाही, आधी पोलीस ठाण्यात, मग दवाखान्यात, मग कोठडीत असं फिरून मेला, तर मृत्यूचं कारणच वादात येतं. तबरेझला मार बसला आणि चार दिवसांनी तो कोठडीत असताना गेला. पोलिसांनी शवविच्छेदनात हृदयक्रिया बंद पडल्याचा उल्लेख आहे म्हणून खुनाचं कलम काढलंच होतं, गदारोळ झाल्यावर परत लावलं, आणि कोर्टात शेवटी ३०४ वर आलं. रकबरलाही पोलिसांनी दवाखान्यात न्यायला तासन्‌तास लावले होते. पोलिसांच्या दिरंगाईचा फायदा मारणाऱ्यांना मिळतो, तो असा.

निवृत्त फौजदार

यावर खात्याची बाजू मांडणार नाही. जखमीला आधी दवाखाना, मग कागद, हे ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं.

बडोदेकर

२५ वर्षं हा आकडा कुठून आला हे कुणीच सांगितलं नाही. दंड संहितेत तर असा आकडा नाही.

काळा कोट

तो न्यायालयांनी घडवलेला मधला मार्ग. जन्मठेप म्हणजे आयुष्यभर, पण १४ वर्षांनंतर सरकार माफी देऊ शकतं, म्हणून कोर्टांना वाटायचं की एकीकडे फास आणि दुसरीकडे प्रत्यक्षात १४, मध्ये मोठी पोकळी आहे. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालाने ती भरली: फाशी नको पण १४ कमी वाटतात, तर ठरावीक वर्षं माफीशिवाय. २०१५ मध्ये घटनापीठाने दोन मतांच्या विरोधात तीन मतांनी हे मान्य केलं, फक्त हा अधिकार हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टालाच. खैरलांजीचा निकाल या दोन्हींच्या मधला, २०१० चा. जमावाच्या खटल्यांना ही पद्धत सोयीची पडते. कुणाचा घाव हे माहीत नाही म्हणून फाशी नाही, चार जीव गेले म्हणून साधी जन्मठेपही नाही.

लेखणीबहाद्दर

शेवटचा प्रश्न. शिक्षा कमी वाटली तर मेलेल्याच्या घरच्यांना अपील करता येतं का? आमच्या इथल्या लोकांनी मला विचारलं होतं, मला नीट सांगता आलं नाही.

काळा कोट

नुसती शिक्षा कमी आहे एवढ्यासाठी नाही. ते अपील सरकारने करायचं, फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम ३७७, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४१८. पीडितांना २००९ पासून अपिलाचा हक्क आहे, जुन्या ३७२ च्या परंतुकाने, आता ४१३, पण तीन गोष्टींसाठी: आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली दोषी धरला, किंवा भरपाई अपुरी दिली. शिक्षेची वर्षं त्यात नाहीत. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय.

मधली गोष्ट मात्र नीट वाचा. ३०२ चा आरोप होता आणि ३०४ वर दोषी धरलं, तर ते हलकं कलम झालं. तिथे घरच्यांना स्वतः वर जाता येतं, सरकारची वाट बघावी लागत नाही. ज्यांनी तुम्हाला विचारलं त्यांना सांगा, निकाल लागेल त्याच दिवशी नक्कलेचा अर्ज टाका आणि सरकारी वकिलांकडून दोषारोपपत्राची प्रत मागून ठेवा. पुढे कुठलाही वकील पहिल्यांदा हेच दोन कागद मागेल.